सहातले दोन

यिवॅस्किला, ४ मार्च १९९६

ती. आईस, साइमीचा शि. सा. न.

तू पाठवलेली मासे भरलेली भाकरी प्रयोगशाळेत दहा मिनिटांत संपली. मला मात्र घास उतरला नाही. आम्ही नवं अणुकेंद्र बनवलं, हे फोनवर सांगितलं होतं ना? त्यात प्रोटॉन इतके जास्त, की एक बाहेर फेकल्याशिवाय ते टिकतच नाही. असे सहा प्रोटॉन मी पकडले, सगळ्यांची ऊर्जा सारखी. रुसुनेन सर महिनाअखेर परिषदेत ते जाहीर करणार आहेत. काल कळलं, सहातल्या दोन प्रोटॉनांची ऊर्जा काढताना मी चुकून यंत्राचं आदल्या आठवड्याचं मोजमाप लावलं होतं. योग्य मोजमाप लावलं तर त्या दोघांची ऊर्जा भलतीच निघते. उरतात चार. चारांवर कोण विश्वास ठेवणार? मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मी मूर्ख ठरले तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी साइमी

इसाल्मी, ७ मार्च

चि. साइमीस अ. आ.

प्रोटॉनातलं मला कळत नाही, पण तू जेवण टाकलंस म्हणजे प्रकरण मोठं. डेअरीत मी तीस वर्षं दुधाचं फॅट मोजलं. आकडा चुकला की सांगून टाकल्याशिवाय मी पुढचं दूध मोजत नसे. सर चिडले तर चिडू देत. लहानपणी काच फोडून पलंगाखाली लपायचीस, आता तिथे मावणारही नाहीस. आधी जेव, मग सांग.

तब्येत सांभाळ, आणि पत्राला उशीर नको.

तुझी आई, हिल्या

यिवॅस्किला, २९ मार्च

ती. आईस, शि. सा. न.

तुझं पत्र वाचून तशीच सरांच्या खोलीत गेले. सगळं ऐकून त्यांनी उठून कॉफी ओतली आणि कप माझ्यापुढे ठेवला. मग फोन करून परिषदेतलं भाषण मागे घेतलं आणि यंत्रावर आणखी नऊ दिवस मागितले. पहिले चार दिवस कोरडे गेले. पाचव्या दिवशी सकाळी एक प्रोटॉन मिळाला, दुपारी आणखी तीन. शेवटी नवे एकवीस झाले, सगळ्यांची ऊर्जा त्या आधीच्या चारांइतकीच. आई, मी यंत्राशेजारी बसून रडले, आणि मग दोन वाट्या वाटाण्याचं सूप प्यायले.

सर म्हणाले, की शोधनिबंधात ते दोन का गाळले हेही लिहायचं. लोक हसतील, असं मी म्हटलं. त्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, की तरुणपणी त्यांना स्वतःची अशीच चूक दिसली होती. ते गप्प बसले, आणि ती एका मासिकात अजून तशीच छापलेली आहे. काल त्यांनी त्या मासिकाला पत्र लिहिलं. टपालात मीच टाकून आले.

आता झोप लागते. तुझी माया अशीच असू दे.

तुझी साइमी