फिलेमोनच्या नावाला ओ

९ ऑक्टोबर, रविवार

झालं एकदाचं! गावसभेत ठराव पास. बायकांना मत!

म्हणजे — सगळ्यांना नाही. रस्ता, पाट, शाळेची भिंत, जे काही गावाचं असेल त्यासाठी ज्याने तेकिओत, गावच्या श्रमदानात, फुकट हाडं झिजवली त्यालाच इथे मत, हे आमच्या पणजोबांपासूनचं. पण तेकिओची हजेरी लागते घरच्या पुरुषाच्या नावावर. स्वतःच्या नावावर लागते ती फक्त आम्हा विधवांची आणि बिनलग्नाच्या दोन-चार जणींची. आता आम्हाला मत मिळालं. बाकीच्यांना पुढेमागे मिळेल.

ही तोड माझीच. नुसता गोंधळ चालला होता. ट्रकवाला नाबोर ओरडत होता, "मग आता चूलपण मीच पेटवू का?" मागून कुणीतरी म्हणालं, "पेटव की! बायको सुटेल बिचारी." हशा. बायका म्हणत होत्या सगळ्यांना द्या, पुरुष म्हणत होते एकीलाही नको. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, जिची सेवा तिच्या स्वतःच्या नावावर असेल तिला तरी द्या. आबुंदिओकाका — सभेचे प्रमुख, कुणाचं सहसा कौतुक न करणारे — म्हणाले, "सेलेरिना, डोकं आहे तुला. निवडणुकीला नावं पुकारायला तूच बस टेबलावर."

टेबलावर बसणारी पहिली बाई मी! घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागले नाहीत.

११ ऑक्टोबर

पहाटेच ओनोरिना भिजवलेल्या मक्याची बादली घेऊन माझ्या गिरणीत आली. तिच्या धाकटीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. नुसतं म्हणत नाही, आहोतही.

"कोमाद्रे, मग माझं काय?"

तिचा नवरा फिलेमोन बारा वर्षं लॉस एंजेलिसला. यादीत नाव त्याचं. मी म्हटलं, "तुझं पुढच्या वर्षी करू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?"

"माझ्या हातात आहे काय सोडायला?"

हसली. मीही हसले. पण पीठ घेऊन गेली ती रोजच्यासारखी बसली नाही जरा वेळ.

१६ ऑक्टोबर

तेकिओ. पाटातला गाळ काढला. ओनोरिना माझ्या शेजारी, मांडीपर्यंत चिखलात. पुकारा झाला, "फिलेमोन येस्कास!" — "हजर!" ती ओरडली. नेहमीचंच आहे. आज पहिल्यांदा कानाला खटकलं.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. माझ्या नवऱ्यासाठी, क्रेसेन्सिओसाठी, झेंडूची कमान केली. त्याची आवडती पाव-चॉकलेटची वाटी ठेवली, सिगारेट ठेवली. समोर बसले आणि मनात नको ते आलं. तू असतास तर मी यादीत नसते. तू गेलास म्हणून मला मत. हे त्याला सांगावं की नाही कळेना, मग सांगितलंच. गप्पच राहिला, जिवंतपणीही असाच होता.

६ नोव्हेंबर, रविवार

आज गावच्या अध्यक्षाची निवडणूक. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय डोळा लागणार नाही.

फळ्यावर दोन नावं, मास्तर एलेआसार आणि नाबोर. मास्तरांनी बाळंतपणासाठी खोली बांधायचं कबूल केलंय. नाबोरचं सगळं रस्ता, रस्ता. मी नाव पुकारायचं, माणसाने पुढे यायचं, खडू घेऊन आपल्या माणसाच्या नावाखाली रेघ मारायची. उत्तरेला, सीमेपलीकडे गेलेल्यांचीही नावं वाचायची. कुणी ओ देत नाही, पुढचं घ्यायचं.

"फिलेमोन येस्कास!"

"हजर!"

मक्याच्या वाफवलेल्या तामाल्यांच्या पातेल्याजवळून ओनोरिना उठली. ॲप्रनला हात पुसत आली, खडू घेतला, रेघ मारली, खडू जागेवर ठेवला. कुणीतरी म्हणालं, "अगं, तुझं नाव फिलेमोन कधीपासून?" ती म्हणाली, "बारा वर्षं याच नावाला ओ देतेय. तेव्हा कुणी विचारलं नाही."

मी थांबायला हवं होतं. मी पुढचं नाव वाचलं! तोही उत्तरेला. त्याची बायको उठली. मग आणखी एक. मग एकेक करत सगळ्याच. मी वाचत राहिले. खरं सांगायचं तर मजा वाटत होती मला, छाती भरून आली होती.

शेवटी नाबोर उसळला. "पुसा! बायकांच्या रेघा पुसा!"

मास्तर म्हणाले, "कुठल्या ते बोट ठेवून दाखव."

सगळ्या रेघा सारख्या. पांढऱ्या, थोड्या वाकड्या. लोक हसायला लागले, आणि हसता हसता भांडायला लागले. एक म्हणतो धरा, एक म्हणतो धरू नका. म्हातारा सिरिआको तर काठी घेऊन बाकावर चढला, कुणाच्या बाजूने ते त्यालाही माहीत नसावं.

आबुंदिओकाकांनी टेबलावर हात आपटला. माझ्याकडे वळले. "सेलेरिना, ठराव तुझा आहे. तूच सांग. ह्या रेघा धरायच्या का?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. ओनोरिनाही. एवढंच म्हणायचं होतं: राबली ती, मत तिचं. चार शब्द! जिभेवर होते. आणि मला वाटलं, आता हे चिडले तर सगळंच रद्द करतील, आमचंही जाईल. मी समोरचा कागद उचलला आणि वाचलं, "सेवा स्वतःच्या नावावर असलेल्या बाईस."

काकांनी ओलं फडकं घेतलं आणि सबंध फळा पुसला. निवडणूक पुन्हा होणार, वीस तारखेला, ठरावाप्रमाणे.

ओनोरिना पातेल्याकडे परत गेली. सगळ्यांना वाढलं. मलाही. चटणी हवी का, विचारलं.

७ नोव्हेंबर

चार शब्द. दिवसभर तेच.

९ नोव्हेंबर

गिरण चालू, दळण नाही. बायका वरच्या आळीच्या गिरणीत जातायत. केवढा चढ! डोक्यावर बादल्या घेऊन माझ्या दारावरून जातात, "सुप्रभात मावशी" म्हणतात आणि पुढे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पट्टा बंद केला आणि नुसती बसले.

१३ नोव्हेंबर, रविवार

शेवटी गेले ओनोरिनाकडे. अंगणात कणसं सोलत होती.

"ये. बस. कॉफी घे."

"कोमाद्रे, मी चुकले."

"चुकलीस कुठे? लिहिलं होतं तेच वाचलंस."

"मला भीती वाटली गं. सगळंच रद्द करतील. आमचंही जाईल."

"हो ना. तुमचं."

दाणे टोपलीत पडत होते. मी एक कणीस उचललं, सोलायला लागले. तिने नको म्हटलं नाही. मग म्हणाली, "मत गेलं त्याचं काही नाही. कधी होतं म्हणून जायला? पण तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग कागदाकडे. कागद कशाला लागत होता तुला, कोमाद्रे? तुझाच ठराव. पाठ होता."

कॉफी प्याले. धाकटी शाळेचं गाणं म्हणत आली, तिने मला मिठी मारली, तेवढंच. येताना वाटेत रडले, तोंडाला शाल लावून, कुणी बघू नये म्हणून.

अकरा जणींना मत मिळवून दिलं असं मी महिनाभर मिरवत होते. उरलेल्यांना दारात उभं कुणी केलं? दार तर पुरुषांनी आधीच लावलं होतं. त्याला कडी मी घातली.

२० नोव्हेंबर, रविवार

फेरनिवडणूक — झाली म्हणायची का?

मास्तर सुरुवातीलाच उभे राहिले. "अर्ध्या गावाचा अध्यक्ष मला व्हायचं नाही." नाव मागे. झालं, नाबोर एकटा उरला, आणि एकटा उरल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा! अध्यक्षपद म्हणजे वर्षभर बिनपगारी, ट्रक दारात उभा. "मी... माझा धंदा... बायकोची तब्येत..." म्हणत तोही बसला. त्याची बायको खिडकीतून ओरडली, "मला काय धाड भरलीय?"

आबुंदिओकाका म्हणाले, मग जुनी पद्धत. ज्याची सेवा सगळ्यात चोख, त्याला अध्यक्षाची काठी. "सेलेरिना, हजेरी वाच."

वाचली. प्रत्येकाचे खाडे. आजारपणाचे, शहरात गेल्याचे, पिऊन पडल्याचे. नाबोरचे तर हसता हसता पुरेवाट. आणि मग — "फिलेमोन येस्कास. बारा वर्षांत एकही खाडा नाही."

वाचून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

कुजबुज सुरू झाली. "फिलेमोन... वा... फिलेमोन..." मी उभी राहिले. ह्या वेळी कागद खाली ठेवला. म्हटलं, "हे फिलेमोनने केलेलं नाही. बारा वर्षांत त्याने ह्या गावातला एक दगड उचललेला नाही. हे ओनोरिनाने केलंय."

काका माझ्याकडे बघत राहिले, रागावून नाही, उलट जरा नवल वाटल्यासारखे. "माहीत आहे, सेलेरिना. कुणाला माहीत नाही?"

"मग?"

"मग काय? त्याचं घर चोख आहे. हात वर करा."

हात वर गेले. फिलेमोन अध्यक्ष. माझं बोलणं दोन आठवडे उशिराचं होतं, त्याचा आता कुणाला काही उपयोग नव्हता. ओनोरिना दारात उभी होती. तिने ऐकलं, एवढं मात्र मी पाहिलं.

२७ नोव्हेंबर

फिलेमोनचा फोन आला मास्तरांकडे. यायचं नाही म्हणतो. आला तर पुन्हा सीमा ओलांडता येणार नाही, आणि तिथलं काम जाईल. रडत होता म्हणे. आपली इथली रीत साधी: माणूस आला नाही तर त्याचं घर सेवा देतं. घरानेही नाही दिली तर पाणी तुटतं, दफनभूमीतली जागा जाते.

संध्याकाळी ओनोरिना गिरणीत आली. बादली पुढे केली. मी बारीक दळून दिलं, तिला लागतं तसं.

१ जानेवारी, रविवार

अध्यक्षाची काठी आज ओनोरिनाने घेतली. आबुंदिओकाकांनी टोपी काढली, मग सगळ्यांनी काढली, नाबोरनेही. शपथेखाली सही कुणाची करायची, ह्यावर जरा घोळ झाला. ती म्हणाली, "फिलेमोनचीच करते. सवय आहे." आजपासून वर्षभर गाव तिच्या शब्दाने चालणार, आणि ती सांगेल ते मी टेबलावर बसून लिहिणार. मी यादी पुन्हा नीट पाहिली. पुढच्या निवडणुकीत तिला मत नाही.