सवाष्णींपुरता देव

देऊळघाट, पौष वद्य तृतीया, संध्याकाळ

किळस आली, म्हणून लिहिते. आज वकीलसाहेबांनी त्यांच्या घरी जमलेल्या आम्हा बायकांपुढे व्याख्यान दिले. सारे विश्व ईश्वरात सामावले आहे, तरी ईश्वर त्यापलीकडे उरतोच. कॉलेजात मीही हेच शिकले; अजून पटते. मग संक्रांतीचे हळदीकुंकू सुरू झाले; माझी ओटी भरली. त्यांची विधवा सून कौसा दाराशी आली, तशी सासू खेकसली, "आत जाय वं! सवाष्णींच्या मधात कायले आली?"

कौसाने सासऱ्यांकडे पाहिले. "मामाजी, सारंच देवात हाये ना? मंग मीच बाहेर काऊन?"

वकीलसाहेब हसले. "ते तत्त्वज्ञान हाये, पोरी."

हसले! उत्तर नव्हते, की लाज नव्हती? अजून ते हसणे कानात आहे.

मी उठले. माझ्या ओटीतले खण-नारळ सर्वांदेखत कौसाच्या पदरात घातले.