जलपरीचा घोगरा आवाज

९ जानेवारी, शुक्रवार

मी पुन्हा सोळा वर्षांची!

भाच्याचा फोन होता. त्याच्या सिनेमाचं शूटिंग संपलं, आता नायिकेला दुसरा आवाज द्यायचाय. "मावशी, तुझ्याशिवाय कोण करणार?" चोपन्न वर्षांची बाई सोळाच्या पोरीचं बोलणार, लोकांना हसू येतं. येऊ दे! इतकी वर्षं पडद्यावरच्या पोरी माझ्याच घशातून लाजल्या, रुसल्या, रडल्या. गेलं वर्षभर मात्र कोणी बोलावलं नव्हतं. नव्या मुली आल्यात म्हणे.

पाठोपाठ ताईचा फोन. "माझ्या लेकाचा पहिला सिनेमा आहे. जमेल ना गं तुला अजून?"

जमेल ना म्हणे! फोन ठेवला आणि आरशासमोर उभी राहून सोळा वर्षांची किंकाळी मारली. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर केली नाही. ह्यांना ऐकू कमी येतं. शेजारीण मात्र धावत आली.

१२ जानेवारी, सोमवार

स्टुडिओत गेले. तोच बंद वास, तीच भिंतीवरची राखाडी गादी. बरं वाटलं.

सिनेमा म्हणजे ती जुनी गोष्ट – जलपरी माणसांत यायचं म्हणून चेटकिणीला आवाज देऊन टाकते, ती. भाच्याने ती आजच्या शाळेत आणून बसवलीये. मासेमाराची मुलगी. पोहण्यात पहिली, म्हणून मोठ्या शाळेत प्रवेश मिळतो. तिथे सगळ्यांना आवडावं म्हणून गोडगोड बोलू बघते, तरी हसतात. मग वरच्या वर्गातली एक (हीच चेटकीण, केस सरळ करून घेतलेली) म्हणते, तोंड मिटून राहा, आमच्यात घेऊ. त्यांच्यात एक मुलगाही आहे. झालं! पोरगी गप्प. थेट शेवटी सगळ्या शाळेसमोर तोंड उघडते.

म्हणजे अर्धा सिनेमा ती बोलतच नाही, आणि जे बोलते तेही माझ्या तोंडून! मी हसले. भाचा हसला नाही.

हेडफोन लावले. शूटिंगच्या वेळचा कच्चा आवाज – वारा, जनरेटरची घरघर, आणि मध्ये त्या पोरीचा. काय आवाज! वाळूवरून होडी ओढत न्यावी तसा. घोगरा, जाडाभरडा, वर चढताना फुटणारा. पहिल्यांदा ऐकून मला खुदकन हसू आलं. म्हटलं, बरोबर आहे, हा बदलायलाच हवा.

मग होडीवरचा प्रसंग आला. जाळं झटकता झटकता बापाला म्हणते, "तिथे गप्प बसते मी. आता इथे पण बसू का?" 'इथे' वर आवाज फुटला. नुसता फुटला नाही, त्यातून काहीतरी बाहेर पडलं.

मी तेच वाक्य म्हटलं. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "मस्त! ओठ अगदी जुळले." पुन्हा म्हटलं. पुन्हा मस्त.

ओठ जुळले. बाकी काहीच जुळलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

भाच्याला विचारलं, आवाज बदलायचं कोणाच्या डोक्यातून आलं? "सगळ्यांचंच मत आहे, मावशी." सगळे म्हणजे कोण? "आहेत… निर्मातीणबाई…" नजर चुकवत होता. लहानपणीही खोटं बोलताना असाच कानाची पाळी ओढायचा.

निर्मातीणबाई चहाच्या वेळी आल्या. "नायिका म्हटल्यावर आवाज कसा गोड हवा!"

मी म्हटलं, "तिला बापाचा राग आलाय त्या वेळी. रागाला साखर कुठून लावू?"

"तुम्ही लावाल हो, तुमचा हातखंडा आहे." आणि हसल्या. माझं डोकंच फिरलं.

१४ जानेवारी

परवा केलेला होडीवरचा तुकडा भाच्याने फोनवर पाठवला. ह्यांना दाखवला. ऐकू येत नाही, तरी चष्मा चढवून बघितलं. म्हणाले, "मानेच्या शिरा बघ पोरीच्या. ओरडतेय ती. छान ओरडलीस तू!"

मी ओरडलेच नव्हते. मी गोड बोलले होते.

१५ जानेवारी, गुरुवार

नाही म्हणून आले!

भाचा आधी हसला, मग चिडला. "मावशी, तू नाही केलंस तर दुसरी कोणीतरी करेल."

"करू दे. मी ऐकलंय तिला. आता न ऐकल्यासारखं नाही करता येत मला."

"तुला माहीत नाही सगळं!"

"मग सांग ना!"

त्याने कागद उचलले आणि दार आपटून गेला. माझ्याच मांडीवर वाढलेलं कार्टं!

संध्याकाळी ताई. मला वाटलंच होतं. "इतक्या वर्षांत एकाही हिरॉइनचा कळवळा नाही आला तुला. माझ्या लेकाच्या वेळी बरा आला!"

हे लागलं. खोटं नाही ते. पण उत्तर होतं माझ्याकडे. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांना मी आवाज दिला. ह्या पोरीला येतंय. हिचा काढून घ्यायला मी जाणार नाही. ताई म्हणाली, "मोठी आलीस!" आणि फोन आपटला. आज माझ्या तोंडावर सगळेच काहीतरी आपटतायत. आपटा!

१७ जानेवारी, शनिवार

मीच गेले भाच्याकडे. भांडायला नाही, सौदा करायला. म्हटलं, कच्च्या आवाजात वारा आहे, जनरेटर आहे, म्हणजे डबिंग लागणारच. मग तिचं तिलाच करू दे. "तिला नाही जमणार, मावशी." मी शिकवते. फुकट. निर्मातीणबाई गावाला गेल्यात तोवर दोन दिवस दे, एवढंच.

बराच वेळ पाळी ओढत बसला. मग म्हणाला, "तिला विचारून बघतो."

मला ते विचित्र वाटलं. तिला काय विचारायचं? आनंदाने नाचेल!

१९ जानेवारी, सोमवार

नाचली नाही.

काटकुळी पोर. जॅकेटची टोपी डोळ्यांपर्यंत, टोपीची नाडी दातांत. आईने दारापर्यंत सोडलं. मी म्हटलं, ये गं, चहा घेतेस? मान हलवली. बसतेस? मान हलवली. मनात आलं, एकच सिनेमा झाला आणि एवढा शिष्टपणा!

बूथमध्ये उभी केली. हेडफोन घालायला, कागद न वाजवता उलटायला, ओठांकडे बघत श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं. हुशार आहे, पटकन उचलते. पण तोंड उघडलं आणि बाहेर आला एक भलताच आवाज! दाबलेला, नाकातला, कसनुसा गोड. थेट माझी नक्कल!

"हा कोणाचा आवाज?" मी विचारलं. गप्प. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी मी जरा जोरातच बोलले. नाडी दातांत धरून उभी राहिली.

२० जानेवारी, मंगळवार

आज स्फोट झाला.

तेच चाललं होतं. मी म्हटलं, "अगं, त्या लोकांना दाखवून दे ना! तुझा आवाज काढून टाकतायत ते!"

आणि ती ओरडली. तिच्या स्वतःच्या त्या फाटक्या आवाजात. "मीच सांगितलं होतं! मला नकोय माझा आवाज! तुम्हाला कोणी बोलावलं मध्ये?"

रेकॉर्डिस्टने हात वर घेतले. ती टोपी ओढून पळाली.

संध्याकाळी भाचा घरी आला. सोफ्याच्या टोकावर बसला आणि सगळं सांगितलं. शूटिंग चालू असतानाच छोटीशी झलक नेटवर आली होती. लोकांनी खाली काय काय लिहिलं! 'ही बोलते की ट्रक गिअर बदलतो?' शाळेतल्या मुलांनी तेच तिच्या तोंडावर वाजवून दाखवलं. पोरीने त्याला मेसेज केला – माझा आवाज काढून टाका, आणि मी सांगितलंय असं कोणाला सांगू नका. ह्याने शब्द दिला. माझ्या शिव्या खाल्ल्या, आईशी खोटं बोलला, पण शब्द मोडला नाही.

"मला तोच आवाज हवा होता, मावशी," म्हणाला. "त्या आवाजासाठीच घेतली होती तिला." डोळे भरले होते त्याचे. लहान असताना घ्यायचे तसं डोकं कुशीत घेतलं. मोठा झालाय, मावला नाही.

२१ जानेवारी

दिवसभर तेच डोक्यात. गोष्टीतही कोणी हिसकावून घेत नाही. जलपरी स्वतःच देते.

आणि मी लढायला निघाले होते! भाच्याशी, ताईशी, निर्मातीणबाईंशी. जिच्यासाठी लढत होते तिला साधं विचारलंही नाही, बाई गं, तुला काय हवंय?

पण माघार नाही. भाच्याला निरोप दिला: तिला सांग, आवाज तुझा, मर्जी तुझी. तुला नको असेल तर मी बोलते. फक्त येऊन बस, आणि कसं बोलायचं ते मला सांग. डोकं तुझं, घसा माझा.

२३ जानेवारी, शुक्रवार

आली! टोपी मागे, नाडी तोंडाबाहेर.

होडीवरचा प्रसंग लावला. मी बोलले. मनापासून बोलले, मुद्दाम बिघडवलं नाही, हे इथे लिहून ठेवते. ती काचेपलीकडे बसून मान हलवत होती. नाही. मी पुन्हा. नाही. मग ती उठून आत आली.

"असं नाही हो. बाबांशी असं कोण बोलतं? असं शाळेत बोलतात."

"शाळेत कसं?"

"तुमच्यासारखं. गोड. मी पण बोलून बघितलंय."

"आणि घरी?"

ह्याला उत्तर दिलं नाही. पडद्यावर थांबलेल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या. मग एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाली, "शाळेतलं सगळं तुम्ही बोला. होडीवरचं मी बोलते."

मला कळेना. एका मुलीला दोन आवाज?

"आणि शेवटचं?"

"शेवटचं पण मी."

"पण ते तर शाळेत आहे!"

"म्हणूनच."

रेकॉर्डिस्ट खुर्चीतून उठलाच! शाळेत पाऊल ठेवलं की पोरीच्या तोंडून सगळ्यांना आवडणारा आवाज निघतो, माझा. मग तोही बंद. आणि शेवटी त्याच शाळेत, सगळ्यांसमोर, घरचा आवाज! हे भाच्याला सुचलं नाही, मला सुचलं नाही. जिला सुचायला हवं होतं तिला सुचलं.

होडीवरचं वाक्य तिने एका दमात दिलं. 'इथे' वर फुटला. तसाच ठेवला.

२७ जानेवारी, मंगळवार

दोन दिवस दोघींनी मिळून केलं. बूथमध्ये शेजारी शेजारी. शाळेतल्या वाक्यांना मी इतकी गोड बोलले की ती हसली. तिचं हसणंही खरखरीतच! माझ्या घशाला सूज आली, ह्यांनी मिठाचं पाणी करून दिलं. मी कुजबुजत आभार मानले. ह्यांना नेहमीइतकंच ऐकू आलं.

३१ जानेवारी, शनिवार

निर्मातीणबाईंना दाखवलं. ताईही येऊन बसली होती, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून.

होडीचा प्रसंग बाईंनी बघून घेतला. शाळा आली, माझा आवाज आला, तशा ताडकन उठल्या. "ही चूक झालीये! लोकांना वाटेल तुमची मशीन बिघडली!"

भाचा पाळी ओढायला लागला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून तो घोगरा आवाज आला. "वाटू दे. शेवटपर्यंत बघा, मग बोला."

बाईंनी वळून बघितलं आणि बसल्या. बसल्याच म्हणजे! असं त्यांना कोणी कधी सांगितलं नसावं.

शेवट आला. भरलेलं सभागृह, माईक, आणि ती – "मला बोलायचंय." माझा आवाज नाही. तिचा. ताईच्या तोंडून 'अगंबाई' निघालं. बाई अंधारात पुढे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, पुन्हा लावा. पुन्हा लावलं.

"ठेवा. पण लोक हसले तर ते तुमच्या मावशीच्या नावावर."

"घाला!" मी म्हटलं. "माझं नाव घाला. मोठ्या अक्षरांत घाला!" इतक्या वर्षांत पडद्यावर एकदाही आलं नव्हतं.

जाताना ताईने माझा दंड दाबला. "जमतं की तुला अजून." मी म्हटलं, "तुला शंका होती, मला नव्हती."

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी त्या पोरीच्या आईचा फोन. मला वाटलं, सिनेमा लागायच्या तारखेबद्दल असेल. पण त्यांना बोलवेना. शाळेत आवाजावरून चिडवायला लागल्यापासून, सिनेमाच्याही आधीपासून, पोरगी घरातही बोलणं सोडून बसली होती, म्हणाल्या. मान हलवायची, नाहीतर फोनवर लिहून दाखवायची. बोलायची ती फक्त कॅमेऱ्यासमोर, तेही दुसऱ्याने लिहून दिलेलं. "आज सकाळी आंघोळीच्या नंबरावरून भावाशी भांडली हो! सगळं घर डोक्यावर घेतलं." मग रडायलाच लागल्या. "मी म्हटलं, गप्प बस गं जरा. दोन वर्षांनी म्हटलं हो."