जावयाने आणलेलं पाणी

१९ मे, मंगळवार

'दांडखारच्या बायांनो! टँकरच्या रांगेत उभं राहून तुमच्या हाडांचं पाणी झालं आणि तुमच्या विहिरीचं मीठ झालं!'

सभेसाठी एवढी सुरुवात सुचली. 'हाडांचं पाणी' ठेवायचं. पुढे बांधाचं. खाडीचा बांध फुटला, उधाण शेतातून विहिरीत उतरलं, साहेब फोटो काढून गेले, बांध अजून फुटकाच. मांडव्याकडच्या बंगल्यांना टँकर रोज, आम्हाला ग्रा.पं.च्या मर्जीने.

भाषण लिहीत असतानाच टँकर आला आणि मारामारी झाली. हिराबाय आणि पाटलांची सून. नळीच्या तोंडाशी आधी कोण, एवढंच. सुनेने कळशी फिरवली, काठ हिराबायच्या कपाळावर. रक्त भुवईवरून थेट तिच्या कळशीत. तरी तिने कळशी सोडली नाही. मी म्हटलं, ओत ते, दुसरी भरून देते. म्हणाली, "रगत माझा, पानी बी माझा. ओतू कशाला?" तशीच डोक्यावर घेऊन घरी गेली.

हे सभेत सांगितलं तर टाळ्या पडतील. सांगणार नाही. बहुधा सांगेनच.

दादा संध्याकाळी अलिबागहून डायलिसिस करून आला. वहिनीने पेल्यात घोटभर पाणी दिलं. त्याला दिवसाचं पाणी मोजून दिलंय डॉक्टरांनी; जास्त झालं तर बाहेर पडायला वाट नाही, छातीत चढतं. तो प्याला आणि रिकाम्या पेल्याकडे बघत राहिला. माझा थोरला भाऊ, भर उन्हात मिठागर ओढलेला माणूस. पाण्यासाठी बायकोच्या हाताकडे बघतो. मला अशा वेळी कुणाला तरी फोडून काढावंसं वाटतं. कुणाला, तेच कळत नाही.

२१ मे, गुरुवार

दादाची लेक मंजू आणि जावई विलास धोंड्याचे आले. अधिक महिना, जावयाचा मान. वहिनीने अनारसे केले, दादाने चांदीचं निरांजन दिलं. विलास म्हणाला, "बाबा, या वेळी मीपण काहीतरी आणलंय." बॅगेतून एक जाडजूड बाटली काढली. बुडाशी दोन पट्ट्या, बाजूला बटण, मोबाइलसारखी चार्ज करायची. अल्कलाइन पाणी करणारं यंत्र. आमच्या विहिरीचं पाणी ओतलं, बटण दाबलं. फसफसून पांढरं झालं. मग औषधाचे थेंब: साध्या पाण्यात पिवळट, यंत्रातल्यात जांभळं. ओटीवर अर्धा गाव जमला होता. सगळे 'आँ' करून.

वहिनी नुसत्या रंगाला भुलणारी नाही. आमच्याकडे पाण्याची परीक्षा एकच: तुरीची डाळ. शिजली तर पाणी चांगलं, दडस राहिली तर वाईट. विहीर खारी झाल्यापासून आमच्या पाण्यात डाळ शिजतच नाही. तिने यंत्राच्या पाण्यात डाळ टाकली. थोड्या वेळाने चुलीपासून ओरडली, "वन्सं, बघा तरी! लोनी झालाय लोनी!"

झालं. डाळीने निकाल दिला. आता कुठलं पुस्तक आणू?

विलास म्हणाला, "रोज तीन लिटर घ्या बाबा. किडनी आतून धुतली जाते. कितीतरी लोकांचं डायलिसिस बंद झालंय."

दादाने विचारलं, "जावयबापू, पोट भरून पिऊ?" लहान मूल विचारतं तसं. मग तांब्या तोंडाला लावला. गळ्याची घाटी वरखाली, वरखाली. हनुवटीवरून, छातीवरून पाणी. संपल्यावर डोळे मिटून बसला. मी पदराने त्याची छाती पुसत बसले. मी! सबंध तालुक्यात माझ्या जिभेला घाबरतात.

नंतर अंगणात विलासला धरलं. "कुणी सांगितलं हे?" तो चिडला नाही. "आत्या, तुमचं वाचन दांडगं आहे, मान्य. पण हे नवीन सायन्स आहे. मी पितो. मंजू पण पिते. सगळे डॉक्टर करून झाले आमचे, मूल नाही. म्हटलं हे बघू." लबाड असता तर सोपं होतं. याचा विश्वास आहे.

२३ मे, शनिवार

वहिनीकडून यंत्र मागून आणलं. दिवसभर तेच.

एक. विहिरीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला. विलासचे थेंब: तेच जांभळं. त्यात डाळ टाकली: तीच लोणी. म्हणजे चमत्कार चिमटीएवढा.

दोन. हळद. सोड्याच्या पाण्यात लालसर, यंत्राच्याही. हळदीच्या डागाला साबण लागला की होतो तसा. प्रत्येक बाईला ठाऊक असलेली गोष्ट, आणि कुणालाच आठवली नाही.

तीन. वास. पुन्हा पुन्हा बटण दाबलं की पाण्याला एक उग्र वास येतो. हिराबायला, कपाळाला पट्टी बांधलेली, हुंगायला दिलं. ती मांडव्याला बंगल्यांवर झाडलोट करते. म्हणाली, "हा तर पोवायच्या टाकीचा वास! तिकडं पावडर टाकतान ना, तो." तिच्या निळ्या परकराचा तुकडा त्या पाण्यात ठेवला. निळा होता, संध्याकाळपर्यंत विटला.

पुस्तकात सापडलं. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की मिठातला क्लोरीन सुटतो. मुंबईच्या गोड्या पाण्यात हे यंत्र नुसतं निरुपयोगी असेल. आमच्या मिठाच्या पाण्यात ते कपडे विटवायचं पाणी करतं. ओटीवर जमलेल्यांनी विलासकडून अशाच बाटल्या विकत घेतल्यात; हे गावभर घरोघरी जातंय, आणि दादा तांब्या तांब्याने पितोय.

दादाला परकराचा तुकडा दाखवला. हसला. "मी काय परकर हाय?"

२६ मे, मंगळवार

डायलिसिसला गेला नाही. रिक्षा दारात हॉर्न वाजवून परत गेली.

मी: "मरायचंय?"

दादा: "नमे, ओरडू नको. बरा वाटतंय मना. दोन वरसांत पयल्यांदा जीभ ओली हाय."

पावलं सुजली आहेत. अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो. बाटली उशाला होती. उचलली आणि अंगणातल्या पाट्यावर आपटली. फुटली नाही. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा फुटली, पट्ट्या बाहेर आल्या. तोवर दादा उठून मागे आला होता. काठी माझ्या खांद्यावर बसली. दुसरी पाठीत. सुजलेल्या पायांवर उभा राहून मारत होता आणि रडत होता.

"पोरीच्या घरचा पानी मी कधी प्यालो नाय! तिचा नवरा आनतो तवा बी नको पिऊ?"

हे आहे खरं दुखणं. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, हा आमच्यातला रिवाज. मंजूला मूल झालं नाही. दादा आठवड्यातून दोनदा अलिबागला जातो, रिक्षा तिच्या दारावरून जाते, तो उतरत नाही. आत गेला तर ती पाणी पुढे करणार, आणि तो नाही म्हणणार. मंजू खिडकीत उभी असते. हे मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण मी क्लोरीनवर बोलत बसले.

संध्याकाळी विलासने नवी बाटली पाठवली. खांदा काळानिळा.

२७ मे, बुधवार

गावदेवीच्या पटांगणात सभा. खचाखच. हाडांचं पाणी, विहिरीचं मीठ, बांध, टँकर. हिराबायची कळशीही सांगितली, आणि हिराबाय पुढच्या रांगेत ताठ बसली, वधूसारखी. मग यंत्र. भर सभेत सोडा टाकून जांभळं करून दाखवलं. विटका परकर फडकवला. पटांगण उकळायला लागलं. मला ते उकळणं कळतं, तळपायातून वर येतं. शेवटी काय बोलायचं ठरलेलं नव्हतं. आपोआप आलं:

"तुमच्या तहानेवर धंदा करायला जो हे पाणी घेऊन येईल, त्याला तेच पाणी पाजा!"

टाळ्या थांबेनात.

२८ मे, गुरुवार

पाजलं.

विलास सकाळी नाक्यावर बाटल्या द्यायला आला होता. पंधरा-वीस जण. फरफटत खाडीच्या चिखलात नेला, छातीवर बसले, नाक दाबलं, बाटल्या भरभरून तोंडात ओतल्या. बाटलीच्या तोंडाने पुढचे दात तुटले. तो ओकला की पुन्हा ओतायचे. कुणी बरगडीत लाथ घातली. मी पोचले तेव्हा तो पालथा पडला होता आणि चिखलात गुलाबी पाणी.

मी किंचाळले, "थांबा! मेला असता की!" पोरं माझ्याकडे बघत राहिली, शाबासकीची वाट बघावी तशी. हिराबाय तिथेच. "आता कशाला ओरडतेस, नमूताय? तू बोललीस, आमी केला."

व्हय. मी बोलले. गाव माझा शब्द खाली पडू देत नाही, हे मी किती ठिकाणी फुशारकीने सांगितलंय.

विलासला अलिबागला दवाखान्यात नेलं. पोलीस येऊन गेले. मी माझं नाव दिलं. लिहून घेतलं की नाही कळलं नाही.

३० मे, शनिवार

दादा काल शुक्रवारीही गेला नाही. तोंड सुजलं. झोपता येत नाही, उशा लावून बसलेला असतो. श्वास ओल्या फडक्यातून ओढल्यासारखा.

मी पाय धरले. खरंच धरले. त्याने ओढून घेतले.

"जावयाला गावाने मारला, माझ्या भयनीच्या जिभेने मारला. आता मी दुसरा पानी पिनार नाय. त्याला माझ्या ओटीवर आना, त्याची माफी मागा, तो बोलला तर जाईन मी."

"त्याच्या बरगड्या मोडल्यात. हलता येत नाही त्याला."

"मग मी बी हलत नाय."

उचलून नेऊ म्हटलं. चार जण आले. दादाने विळा हातात घेतला. वहिनी दारात आडवी झाली. चौघे परत गेले.

इतके ग्रंथ वाचले. हट्टाला उतारा एकातही नाही.

१ जून, सोमवार

अलिबागला गेले. मंजूने दार उघडलं आणि माझ्या कानशिलात लगावली. सगळ्या ताकदीने. चष्मा उडाला. मी उभी राहिले. तिने चष्मा उचलून दिला आणि म्हणाली, "आता बस."

विलास आत पलंगावर, दवाखान्यातून घरी आणलेला. तोंड सुजलेलं, शब्द नीट फुटत नव्हते. मी म्हटलं, माझ्या तोंडून गेलं, माझ्यामुळे झालं. त्याने विचारलं, "बाबा जाऊन आले ना? डायलिसिसला?"

"दोनदा चुकवलं."

त्याने उठायचा प्रयत्न केला, बरगडीने खाली पाडला. "मी बंद करा नव्हतो म्हणालो, आत्या. लोकांचं बंद झालंय असं म्हणालो..." वाक्य तिथेच. डोळ्यांतून कानात पाणी गेलं. त्यालाच ऐकू आलं असावं, स्वतः काय म्हणाला होता ते.

मंजू स्वयंपाकघरात गेली. माठातलं पाणी पेल्यात घेऊन माझ्यापुढे ठेवलं. "हे त्यांनी कधी घेतलं नाही. माझ्या दारावरून जातात, रिक्षाचा पडदा ओढून."

"मूल झाल्याशिवाय..."

"होणार नाही मला मूल. त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मीच सांगते."

आणि मग म्हणाली, "उद्या गाडी घेऊन येते."

२ जून, मंगळवार

सकाळ. गाडी दारात उभी आहे, इंजिन चालू. मी पायरीवर बसून लिहितेय. हातांना काहीतरी काम हवं, नाहीतर ते काहीतरी फोडतील.

मंजू घरात गेली नाही. अंगणातून म्हणाली, "बाबा, मला मूल होणार नाही. आता कशाची वाट बघताय? माझ्या घरी चला. घोटभर पाणी घ्या माझ्या हातचं. मग पुढे दवाखान्यात जाऊ. यांनीच सांगितलंय, डायलिसिसला जा म्हणून."

दादा ऐकतोय. छाती खळखळतेय, इथवर ऐकू येतं. एक हात बाटलीवर. दुसरा पलंगाच्या कडेवर, उठायला टेकतात तसा, किंवा पडू नये म्हणून धरतात तसा. वहिनीने त्याच्या चपला पायांपुढे ठेवल्या. सुजलेली पावलं त्यात मावणार नाहीत. हिराबाय कुंपणाशी उभी, कपाळाची पट्टी सुटलेली.

सगळे माझ्याकडे बघतायत. बोल म्हणतायत. मोठं काही येत नाही, एवढंच येतं:

दादा. तहान लागलीय ना तुला? पोर घोटभर पाणी घेऊन थांबलीय.

चपला राहू दे. ऊठ. गाडीत बस.