माहिती शून्य

४ मार्च
आज रुजू झालो. तेवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, छापखाना बंद पडला, आणि बावन्नाव्या वर्षी मी शास्त्रज्ञांच्या घोळक्यात येऊन बसलो. खुर्ची फिरती आहे, खिडकी उघडते, आणि दुपारी कोणी डुलकी घेतली तर त्याला चिंतन म्हणतात. आणखी काय हवं?

काम असं. बेडकाची कातडी, विंचवाचं विष, माणसाचे अश्रू अशा जागोजागी निसर्गाने जंतू मारणारे प्रथिनांचे छोटे तुकडे पेरून ठेवले आहेत. त्यांना पेप्टाइड म्हणतात. जगभरचे लोक त्यांवर निबंध लिहितात. आपण ते वाचून प्रत्येकाची नोंद करायची. अक्षरांची माळ कोणती (एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो आम्ल), सापडलं कुठे, मारतं कोणाला, आणि शेवटचा रकाना: माणसाच्या रक्तपेशी किती टक्के फोडतं. या साठ्यातून एक यंत्र नवी औषधं हुडकतं, कारण जुनी औषधं जंतूंनी केव्हाच पचवली.

धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. म्हणाली, दादा, म्हणजे तू बेडकांची जनगणना करतोस.

७ मार्च
आज अडलो. निबंधात रक्तपेशींबद्दल अवाक्षर नव्हतं. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म लाल होऊन बसला, पुढे सरकेना. मॅडमना विचारलं. मॅडम आमच्या प्रमुख. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देतात. म्हणाल्या, शून्य टाका की. शून्य म्हणजे माहिती शून्य, इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

टाकलं. जन्मभर एक अनुस्वार न सोडलेला माणूस मी. हात जरासुद्धा अडखळला नाही. सोय फार लवकर अंगवळणी पडते.

२१ मार्च
तीनशे चाळीस नोंदी झाल्या. त्यात दोनशे अकरा शून्यं. मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या वेगाचं कौतुक केलं आणि मी शाळकरी पोरासारखा खूश झालो.

आज एका बेडकाची माळ भेटली: जी, एल, एफ, के, के, एल. मी तिला गिलफकल म्हणतो. भलभलते जंतू मारते. निबंधाला एक पुरवणी होती, ती काही माझ्या संगणकावर उघडेना. जेवायची वेळ झाली होती. शून्य टाकलं आणि डबा उघडला.

२ एप्रिल
धाकटीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, ती जखम चिघळली. रुग्णालयात ठेवलंय. चार औषधं झाली, जंतू ढिम्म हलत नाहीत. पाय फुगून टम्म, ताप उतरत नाही. ही मात्र पडल्यापडल्या परिचारिकेला सांगत होती, दादा इतके दिवस बेडूक मोजतोय, त्यातला एखादा तरी बहिणीच्या कामी यावा.

९ एप्रिल
वॉर्डातले डॉक्टर बोलले. एक नवं औषध आहे. मलम म्हणून कातडीवर वर्षभर चांगलं चाललंय, आमच्या साठ्यातून यंत्राने ते वर काढल्यावर आता शेवटचा उपाय म्हणून शिरेतून देऊन बघताहेत. पलीकडच्या खाटेवरच्या आजींना कालच सुरू केलंय. माहितीच्या कागदावर अक्षरं होती. जी, एल, एफ, के, के, एल.

माझी छाती फुगली, खोटं कशाला लिहू. परिचारिकेला बोट ठेवून दाखवलं, म्हटलं ही नोंद माझी. नातेवाईक म्हणून सहीही मीच केली. लफ्फेदार.

१० एप्रिल
सकाळी मॅडमना सहज विचारलं की यंत्र निवडतं कसं. म्हणाल्या, सोपं आहे, पहिली चाळणी शेवटच्या रकान्याची. शून्य असेल ते सगळ्यात वर.

मी म्हटलं, पण शून्य म्हणजे माहिती शून्य, हे यंत्राला कोणी सांगितलंय का?

माझं वाक्य संपलं. मॅडमनी बैठकीची वही उचलली.

शेजारच्या संगणकावर पुरवणी उघडली. रक्तपेशी फोडण्याचं प्रमाण, चौऱ्याण्णव टक्के. नोंद दुरुस्त केली. पुरवणीचं ते पान छापून खिशात ठेवलं. डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, आत्ताच साठा बघितला, तिथे शून्य आहे.

परत उघडलं. शून्य. म्हणे जेवणाच्या सुट्टीत एक प्रोग्राम झाडू मारत फिरतो, मंजुरी नसलेले आकडे पुसतो. मंजुरी मॅडमची. मॅडम बैठकीला गेल्यात.

पुन्हा चौऱ्याण्णव टाकले. सुट्टी संपली होती. नजर न हलवता बसलो. भर दुपारी, डोळ्यांदेखत, आधी नऊ गेला. मग चार.

११ एप्रिल, सकाळी
पलीकडची खाट रिकामी. गादी उलटी घालून ठेवलीय. झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, आजींची लघवी काल काळ्या चहासारखी होत होती, मग हलवलं. कुठे, ते त्यांना माहीत नाही.

वॉर्डातल्या संगणकावर बघितलं, आजींची नोंद साठ्यात आलीसुद्धा. दुष्परिणाम: शून्य. कोणी काही कळवलंच नव्हतं.

धाकटीला पहिली बाटली सातला लावली. काल रात्री रखवालदाराने आत सोडलं नव्हतं, आणि आज मी पोचायच्या आधीच.

११ एप्रिल, दहा
तिचे डोळे पिवळे आहेत. मला म्हणते, असा काय बघतोस दादा, कातडी हिरवी झाली का माझी. हसली. दातांच्या कडेला रक्त —

डॉक्टरांना ते पान दाखवायला घडी उलगडली. चौऱ्याण्णवाच्या जागी शून्य. मी वाचलं होतं. छापल्यावर दोनदा वाचलं होतं, सवयीने. आकडा वाचण्यात मी चुकत नाही. शाई ओली नाही, खाडाखोड नाही —

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, काका, घरी जाऊन जरा पडा.

११ एप्रिल, अकरा
दुसरी बाटली. परिचारिकेने लावली आणि गेली. नळी मी चिमटीत दाबून धरलीय. डाव्या हाताने. उजव्याने हे. कागदावर राहील, निदान या कागदावर —

बोटं बधिर होताहेत. थेंब अजून पडत नाही. धाकटी डोळे मिटून आहे. हाक मारली की हं म्हणते. आता हंसुद्धा —

डॉक्टर आले. बरोबर मॅडम. हातात माझी नोंद, खाली माझं नाव. नळी सोडा म्हणतात. म्हणतात, तुम्हीच लिहिलंय, काही अपाय नाही, हे बघा शून्य. मी सांगतोय, ते तसं नाही, मॅडमना विचारा, त्यांना ठाऊक आहे, इथे सगळ्यांना —

मॅडम खाली बघताहेत. माझं मनगट धरलंय कोणीतरी. शून्य म्हणजे माहि