अर्ध्या खेळात चहा

एटोबिको,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रमिला,

तुला आणि भाऊसाहेबांना नमस्कार. लेक-जावई मजेत असतील.

सकाळी थोडा बर्फ पडला, शोव्हल करण्याइतका नव्हता. विंटर टायर्स कालच बसवून आणले. आज ग्रोसरी करून आलो आणि कोबीची भाजी केली, ती उद्यालाही पुरेल. गुडघा ठीक आहे. जेवणानंतर टेबल पुसून हे लिहायला बसलो आहे.

तू दर फोनला एकच विचारतेस. ताईला आधीपासून कळलं होतं का, आणि कळलं होतं तर मला का बोलावलं नाही. मी दर वेळी म्हणतो, आवाज तुटतोय. आवाज तुटत नसतो. मला फोनवर बोलता येत नाही, हे तुला आमच्या लग्नापासून माहीत आहे. म्हणून पत्र लिहितो. पण आधी दुसरं काही सांगतो. ते सांगितल्याशिवाय मला उत्तर नीट देता येणार नाही.

चित्रा, तुझी ताई, कॉम्प्युटरवर लढाया खेळायची. रिटायर झाल्यापासून, जवळजवळ रोज दुपारी, खाली बेसमेंटमध्ये. तुला खोटं वाटेल. की वाटणार नाही? दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे कुठे उभे करायचे ते ताई ठरवायची आणि तुला फक्त हळीव पेरायला द्यायची, अशी तक्रार तू अजून करतेस.

मी तो खेळ कधी पाहिला नाही. जिना उभा आहे, गुडघ्यामुळे मी खाली फारसा जात नसे. पण ऐकायला यायचा. बराच वेळ काहीच आवाज नसे. तेव्हा मी वरून "चहा?" विचारलं की "हो, आले" असं उत्तर यायचं. मग ढोल सुरू व्हायचे, घोडे, माणसांची आरडाओरड, मधूनच शंख. तेव्हा विचारलं तर उत्तर नाही. मी समजून गेलो होतो की या खेळाचे दोन भाग आहेत, एकात चहा चालतो आणि एकात नाही. त्याप्रमाणे आधण ठेवायचो.

ती गेल्यावर मला तो खेळ पुन्हा ऐकावासा वाटायला लागला. कॉम्प्युटर लावायला गेलो तर तो चालूच होईना. शंतनुला बोलावलं. आमच्या मंडळातला, मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, इथे किपलिंग स्टेशनजवळ कॉन्डोत राहतो. चित्राच्या वेळी सगळी धावपळ त्यानेच केली. त्याने उघडून पाहिलं आणि म्हणाला, "काका, डिस्कच गेली आहे. यातलं काही मिळणार नाही. नाव सांगा, नवीन मशीनवर टाकून देतो."

नाव मला माहीत नव्हतं.

"बरं, कसा होता? टर्न-बेस्ड की रिअल-टाइम?"

"म्हणजे?"

"टर्न-बेस्ड म्हणजे बुद्धिबळासारखं. तुमची चाल, मग समोरच्याची. विचार करायला हवा तेवढा वेळ. रिअल-टाइममध्ये घड्याळ चालूच असतं."

"मग दोन्ही."

"दोन्ही कसं असेल, काका?"

"अर्ध्या खेळात ती चहा प्यायची. अर्ध्यात नाही."

तो हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. "बरोबर आहे की. नकाशावर चाली आणि लढाई मात्र लाइव्ह, असे गेम असतात. पण बरेच आहेत. आता चहाचं मी सर्च कसं करू?"

मी सांगितलं, शंख वाजतो, म्हणजे आपल्याकडचाच असणार, मराठेशाहीतला वगैरे. मी तसं धरूनच चाललो होतो. दुपारी खालून शंख ऐकू आला की मला बरं वाटायचं, वाटायचं ही परदेशात बसून आपला इतिहास खेळते आहे.

मग आम्ही एक पद्धत काढली. शनिवारी शंतनु एकेक खेळ घेऊन यायचा, खाली दार लावून खेळायचा, आणि मी वर स्वयंपाकघरात बसून ऐकायचो. "मी बेसमेंटमध्ये गेम खेळायचा आणि तुम्ही वर कणीक मळायची," तो म्हणाला. "बायकोला सांगितलं तर तिला वाटेल मी बाता मारतोय."

एकात तुताऱ्या होत्या, रोमन लोकांच्या. तो नव्हे. एकात तोफा होत्या, कपाटातले कप हलायला लागले. तोही नव्हे. आपल्याकडच्या इतिहासाचा म्हणून जो आणला त्यात नुसत्याच चाली, लढाई नाहीच. असा सगळा ऑक्टोबर गेला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "काका, शंख सोडा. ढोल पकडा," आणि जपानमधल्या जुन्या सरदारांचा एक खेळ घेऊन आला.

त्या दिवशी मी कणीक भिजवत होतो. खाली बराच वेळ शांत. मग ढोल. ढोलाच्या तिसऱ्या-चौथ्या ठोक्यालाच मला समजलं, पण मी हललो नाही. मग शंख वाजला. प्रमिला, तिकडेही लढाईत शंख फुंकत असत. मला हे आयुष्यात माहीत नव्हतं.

मी जिन्यापाशी जाऊन विचारलं, "चहा?"

उत्तर आलं नाही.

"शंतनु, चहा?"

नाहीच आलं. मी पिठाच्या हातांनी वरच्या पायरीवर बसलो आणि लढाई संपेपर्यंत तिथेच होतो. थोड्या वेळाने तो वर आला. "सॉरी काका, काही म्हणालात का? मधे सोडता येत नव्हतं."

मी म्हणालो, "हाच."

त्यानंतर मी खाली जाऊन शिकतो आहे. कठडा धरून जातो, हळूहळू. तुला काय सांगू तिथे काय आहे. आधी एक मोठा नकाशा, समुद्र, डोंगर, किल्ले. एक चाल म्हणजे एक ऋतू. धान्य किती, रस्ता कुठे करायचा, कुणाशी तह करायचा, हे सगळं आपण ठरवायचं, घाई नाही. मग दोन सैन्यं भेटली की नकाशा जातो आणि आपण एका टेकडीवर असतो. खाली धुकं. त्यातून माणसं येताना दिसतात, शेकडो, प्रत्येकाच्या पाठीला निशाण, प्रत्येकाची सावली वेगळी. थंडीत त्यांच्या तोंडातून वाफ येते. मी पहिल्या दिवशी हात मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. माझं सगळं सैन्य तेवढ्यात कापलं गेलं. आमच्या घर तापवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी, लोणच्याच्या बरण्यांच्या फळीखाली, हे सगळं रोज दुपारी चालू होतं आणि ती त्याची सेनापती होती.

मला जेवताना ती काही काही विचारायची. "अहो, नदी पायी उतरायची तर कुठे उतरावी?" मी सांगायचो, दोन वळणांच्या मधे जो सरळ भाग असतो तिथे पाणी उथळ असतं. "पूल किती रुंद असला की चौघंच शेजारी शेजारी येऊ शकतील?" मी जन्मभर पूल बांधले, मला वाटायचं माझं मन राखायला विचारते आहे. परवा मी त्या सरळ भागात माणसं उतरवली आणि ती खरंच पार झाली. मी खुर्चीतून उठलो. म्हणजे इतकी वर्षं ती माझा सल्ला घेऊन लढत होती आणि मी वर बसून बातम्या बघत होतो.

शंतनुने एक युक्ती दाखवली. लढाईत स्पेसचं बटण दाबलं की काळ थांबतो. सगळे जिथल्या तिथे उभे राहतात, आपण विचार करायचा, हुकूम द्यायचे, पुन्हा चालू करायचं. "सगळे तसंच खेळतात काका, नाहीतर जमतच नाही." मी आठवून पाहिलं. चित्राचे ढोल एकदा सुरू झाले की मधे थांबल्याचं मला आठवत नाही. तिने ते बटण वापरलंच नसावं. मी ते शंतनुला सांगितलं. तो म्हणाला, "काकू भारी होत्या."

एकदा पोळ्या करताना तिने सांगितलं होतं, "आज थोडी माणसं पुलावर ठेवली. बाकीचे सगळे सुखरूप पलीकडे निघून गेले." मी विचारलं, "मग पुलावरची जिंकली का?" ती म्हणाली, "त्यांना जिंकायचं नव्हतं हो. वेळ काढायचा होता."

आता तुझं उत्तर.

मार्चमध्ये एका दुपारी ती डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आली. रुटीन आहे म्हणाली. आल्यावर खाली गेली. ढोल सुरू झाले. मी सवयीने जिन्यावरून विचारलं, उत्तराची अपेक्षा नव्हती. खालून आवाज आला, "आणा. इथेच आणा, दोघांचा."

मी दोन कप ट्रेमध्ये घेऊन कसाबसा उतरलो. तिने माउस बाजूला ठेवला होता. पडद्यावर चाललं होतं काहीतरी, मी तिकडे पाहिलंही नाही. ती चहा प्यायली. आम्ही प्यायलो. मग तिने विचारलं, "प्रमिलाच्या अबोलीचं लग्न आठ मेलाच आहे ना?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "चांगला झालाय चहा."

रिपोर्ट काय आला ते मला तिने त्या आठवड्यात शनिवारी सांगितलं. डॉक्टरांनी महिनेच दिले होते, तेही थोडे. पण तिला त्या दुपारीच कळलेलं होतं. लढाई चालू असताना तिने मला उत्तर दिलं ते तेवढं एकदाच. ते एरवी होत नाही, हे आता मी स्वतः त्या खुर्चीत बसल्यावर मला समजलं.

तर हो, प्रमिला. तिला माहीत होतं. शनिवारी ती म्हणाली, "आत्ता सांगितलं तर ती सगळं टाकून इकडे येईल, आणि पोरीचं लग्न पुढे जाईल. लग्न होऊ दे. तोवर मी तग धरते." मला कुणालाही सांगायचं नाही असं बजावलं. तिने तुला बोलावलं नाही ते तू परकी होतीस म्हणून नव्हे. तू पलीकडे जायला हवी होतीस.

लग्नाच्या दिवशी व्हिडिओ कॉलवर ती हिरवी पैठणी नेसून बसली होती. तू म्हणालीस, "ताई, किती बारीक झालीस, डाएट का?" आणि ती म्हणाली, "रोज चालते ना मी." त्याआधी उशा लावून तिला नीट बसवायला मला अर्धा तास लागला होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती टेकली नाही. कॉल बंद झाल्यावर टेकली. मग तुला कळवलं, तू व्हिसासाठी धावलीस, आणि तो मिळायच्या आत जूनमध्ये ती गेली. तिचा हिशेब इतका बरोबर कसा आला, मला अजून कळत नाही. मी पुलांची गणितं केलेला माणूस आहे.

तिचं सांगणं मी आज मोडतो आहे. ते तिलाही चालेल असं वाटतं. तू सुखरूप पलीकडे पोचली आहेस.

उन्हाळ्यात ये. तुला खाली नेऊन दाखवतो.

तुझ्या ताईकडून उशिरा पोचतो आहे तो हा निरोप समज,
हेमचंद्र

ता. क. पाकीट बंद करण्याआधी खाली जाऊन एक लढाई खेळलो. पूल होता. स्पेस न दाबता खेळून पाहिलं. हरलो, पण बरेचसे पलीकडे गेले. वर आलो तर निघताना ओतून ठेवलेला चहा निवला होता. तसाच प्यायलो, कप विसळला आणि पालथा घातला.