आधी हाक मारा

ती. बाबा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवतेही वेळेवर. फक्त आज डोकं तापलंय.

आमच्या तातडीच्या विभागात शिकायला येणाऱ्या डॉक्टरांच्या मुलाखती झाल्या. घेणाऱ्यांत मीही होते. प्रश्न सगळ्यांना एकच: "पेशंट समोर कोसळला, तर आधी काय कराल?"

एकजण ऐटीत म्हणाला, "मी एकटा निभावून नेईन."

एक मुलगी म्हणाली, "आधी मदतीला हाक मारेन."

आमचे साहेब फिसकन हसले. "घाबरट दिसते," म्हणाले, आणि त्या फुशारकी मारणाऱ्याला घेतलं! अहो, आमच्या कामात पहिला धडाच हाक मारण्याचा असतो. असल्या फुशारकीपायी माणसं हकनाक जातात. मी तावातावाने भांडले, टेबलावर हात आपटला. पालथ्या घड्यावर पाणी!

आईचे गुडघे कसे आहेत? जिना चढू देऊ नका तिला.

आणि राग तुमच्यावरही आहे. गेल्या महिन्यात छातीत कळ आली, तर पलीकडच्या खोलीतल्या आईलासुद्धा बोलावलं नाहीत. तिनेच फोनवर सांगितलं. "उगाच कशाला त्रास," म्हणे! बाबा, आमच्या साहेबांनी तुम्हाला पहिला नंबर दिला असता.

तुमचीच,
घाबरट धाकटी